1 लिटरचा स्टीलचा थर्मास: अंजनेरीच्या ट्रेकला चालेल, गुलमर्गच्या स्कीइंगला झाकण बघून घ्या

भांडीबाजारात मिळणारा हा दुहेरी भिंतीचा थर्मास चौघांना 2-2 कप चहाला पुरतो. भरण्याआधी उकळतं पाणी ओतून 5 मिनिटं ठेवा, नाहीतर थंड स्टीलच पहिली ऊब खातं. चहा कोराच भरा, दूध पावडर वेगळी न्या. दुधाचा चहा कोमट होऊन नासतो आणि वास झाकणाच्या रबरी रिंगेत बसतो. रिंग निघते, हे बरं. झाकणावरच्या बटणाखालची खाच धुणं मात्र वैताग!

स्कीइंगला नेणार असाल तर बटणाचं झाकण नकोच. जाड हातमोज्यांनी ते नीट दाबलं जात नाही, वर थेंब गोठला की अडकतं. आट्यांचं घ्या. सोबत गूळपोळी, थंडीत चिक्की दाताला दगड लागते.