पाणकीटकाची नोंद: फोटो पुरेल की नमुना घ्यावा लागेल?

पाऊस ओसरला की सड्यावरची डबकी, भातखाचरं आणि गावतळी किड्यांनी गजबजून जातात. त्यातले बरेचसे भुंगेरे असतात. पण ज्यांना चावायला जबडा नसून टोचायला चोच असते आणि ज्यांचे पंख पाठीवर एकमेकांवर चढलेले असतात, ते ढेकणाचे पाण्यातले भाईबंद. त्यांची नोंद ठेवायची म्हटलं की दोन रस्ते समोर येतात: फोटो काढून संकेतस्थळावर टाकायचा, किंवा कीटक अल्कोहोलच्या कुपीत घालून नमुना जपायचा. अनेक जण हा प्रश्न मारायचं की नाही एवढ्यावरच सोडवतात. त्यांची भावना मी समजू शकतो, पण कोणता रस्ता घ्यायचा हे शेवटी समोरचा कीटक कोणत्या कुळातला आहे यावर ठरतं.

आकाराने मोठ्या कीटकांसाठी फोटो बिनदिक्कत निवडावा. लेथोसेरस इंडिकस हा सहा-सात सेंटिमीटरचा राक्षसी कीटक रात्री दिव्यावर येतो. वरून एक आणि पोटाकडून एक असे दोन स्वच्छ फोटो मिळाले, शेजारी मोजपट्टी असली, की ओळखीसाठी त्याला मारायची गरज उरत नाही. मात्र तो ‘दिव्याला आला’ हे नोंदीत लिहायलाच हवं. नाहीतर वाचणारा समजतो की तो जवळच्याच नाल्यात राहतो, आणि तो तर कुठून उडत आला ते त्यालाच ठाऊक.

त्याचा धाकटा नातलग डिप्लोनिकस. पाठीवर अंड्यांची फरशी बसवल्यासारखा दिसणारा कीटक जाळ्यात आला तर तो नर. मादी त्याच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो ती वागवतो. अंड्यांना हवा मिळावी म्हणून अधूनमधून पृष्ठभागाशी येतो. असा नर फोटो काढून लगेच पाण्यात सोडावा, कारण त्याच्यासोबत अख्खी वीण कुपीत जाते. जात ठरवताना आकार फार कामाचा आहे: डिप्लोनिकस ॲन्युलेटस अडीच सेंटिमीटरच्या आसपास, तर रस्टिकस दीडच्या घरात. पण लहान आकारात एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जाती आहेत, त्यामुळे मोजपट्टीशिवाय काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी वंशाच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या) पुढे नेत नाही.

पाणविंचवांचंही साधारण असंच. लॅकोट्रेफिसच्या फोटोत मागची श्वासनळी शेंड्यापर्यंत आली पाहिजे, कारण शरीराच्या तुलनेत तिची लांबी ओळखीसाठी वापरतात. नेमकी तीच चौकटीबाहेर कापलेले फोटो इतके दिसतात की चीड येते. काडीसारखा रनाट्रा वंशापर्यंत कुणीही ओळखेल, पण जातीपर्यंत जायचं तर बहुतेक वेळा नमुना लागतो.

फोटोची खरी दमछाक होते ती उलट्या पोहणाऱ्यांपाशी. ॲनिसॉप्स हा तळ्यात झुंडीने राहणारा, पोट वर करून पोहणारा सडपातळ कीटक. वरून पाहिलं तर पोटावरची रुपेरी हवा दिसते, पाठ दिसतच नाही. त्यामुळे पारदर्शक चपट्या डबीत बोटभर पाणी घेऊन कॅमेरा डबीखालून धरायचा. पाठीवरच्या त्रिकोणी ढालीच्या लगेच मागे, दोन पंख जिथे जुळतात त्या शिवणीच्या वरच्या टोकाला बारीक केसाळ खळगा दिसला, तर तो ॲनिसॉप्स. एनिथारेस त्याहून रुंद आणि दणकट असतो, त्याला हा खळगा नसतो. इथवर फोटो चालतो. पुढे मात्र सूक्ष्मदर्शकच लागतो, तोही नरासाठी. नराच्या पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली आतल्या बाजूला ताठ दात्यांची ओळ असते आणि चोचीवर एक छोटा शिंगासारखा काटा. हे दोन्ही घासून तो आवाज काढतो. दाते किती, त्यांची लांबी कशी चढते, काट्याचं टोक कसं आहे, यावर जाती वेगळ्या होतात. नुसती मादी हाती असेल तर तज्ज्ञही सहसा वंशाशी थांबतात. उचलताना चमचा वापरा. याची चोच बोटात शिरली की गांधीलमाशी आठवते.

मायक्रोनेक्टा तर याहून अवघड. दोन-तीन मिलिमीटरचा जीव, सुलटा पोहणारा, आणि जात ठरते ती नराच्या जननांगांवरून, तीही कापून पाहिल्यावर. (युरोपातल्या मायक्रोनेक्टा शोल्ट्झीचा आवाज 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 99 डेसिबलपर्यंत मोजला गेला होता. एवढ्याशा देहाला हे शोभत नाही.) त्याचा फोटो टाकून जातीच्या नावाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. नमुना घ्यायचा नसेल, तर ‘मायक्रोनेक्टा’ एवढंच लिहून समाधान माना. तीही खरी नोंदच आहे.

नमुन्याच्या बाजूने बोलायचं तर तो पुन्हा तपासता येतो. फोटोत जे टिपलं नाही ते नंतर मिळत नाही. कुपीतला कीटक वीस वर्षांनीही पालथा घालून पाहता येतो. पण त्याचा संसार सांभाळावा लागतो. शरीररचनेसाठी 70 टक्के अल्कोहोल पुरतं, डीएनएसाठी 95 टक्क्यांच्या वर हवं, आणि कॉलेजची प्रयोगशाळा पाठीशी नसेल तर ते मिळवतानाच दम निघतो. मिळालं तरी ते उडून जातं, त्यामुळे कुप्या अधूनमधून भराव्या लागतात. रंगही फिकट होतात, म्हणून नमुना घ्यायचा असला तरी जिवंतपणी फोटो आधी. चिठ्ठी कुपीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलीने लिहिलेली असावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते. शिवाय अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या परवानगीशिवाय नमुना घेता येत नाही. कासच्या पठारावरही जाळी घेऊन उतरण्याआधी वन विभागाला विचारा. आणि पिल्लं कुपीत घालू नका. पंखांच्या जागी खुंट असलेल्या अर्धवट वाढलेल्या कीटकांना ओळखीच्या बहुतेक तक्त्यांत जागाच नसते.

फोटो कुठे टाकायचा? आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, निसर्गनोंदींची ही दोन्ही संकेतस्थळं 2008 पासूनची. पोर्टल भारतापुरतं आहे, त्यामुळे इथल्या याद्या आणि इथले अभ्यासक एका जागी सापडतात. तरीही पाणकीटकांसाठी मी आयनॅचरलिस्टकडे झुकेन, कारण जगभरातल्या ओळखणाऱ्यांची नजर तिथे पडते. तिथे यंत्राने सुचवलेलं नाव मात्र डोळे झाकून निवडू नका. कुणी एकाने घाईत दिलेल्या नावाला दुसऱ्याने मान डोलावली की ती नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे अभ्यासात वापरण्याच्या दर्जाची, होते. ॲनिसॉप्ससारख्या कीटकाबाबत वंशापर्यंत एकमत झालं, की ‘यापुढे ओळख सुधारता येणार नाही’ हा पर्याय निवडता येतो. मग वंशाच्या पातळीवरची नोंदही त्या दर्जाला पोहोचते.

जुनं साहित्य चाळणार असाल तर डब्ल्यू. एल. डिस्टंट यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेत लिहिलेले ढेकूण-वर्गाचे सात खंड (1902 ते 1918) मोफत वाचायला मिळतात. नावं बदलली आहेत एवढं लक्षात ठेवा. तिथला स्फेरोडेमा म्हणजे आजचा डिप्लोनिकस.

माझा स्वतःचा कौल असा: आधी पांढऱ्या ट्रेमध्ये सगळ्यांचे फोटो, मग फक्त ॲनिसॉप्स आणि मायक्रोनेक्टाचे आठ-दहा प्रौढ कुपीत, तेही झुंड मोठी असेल तरच. नर-मादी तळ्याकाठी कळत नाहीत, म्हणून एक-दोनावर भागत नाही. कुपी घरच्या कपाटात ठेवण्यापेक्षा आधी विचारून पुण्याजवळच्या आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रात किंवा मुंबईच्या बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) द्यावी. चिठ्ठीवर तारीख, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, पाणी साचलेलं की वाहतं, आणि ऑनलाइन नोंदीचा क्रमांक. तसाच कुपीचा क्रमांक त्या ऑनलाइन नोंदीत. पुढे एखाद्या तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली नाव बदललं, तर फोटोखालचं नावही त्याच दिवशी बदलता येतं.