हा रेडिओ सहा महिने वापरला: सगळे बँड लागतात, पण आईचं पुणे केंद्र दर वेळी हरवतं

स्पेक्स सगळीकडे आहेत, एफएम, मीडियम वेव्ह, शॉर्टवेव्ह, एअरबँड (विमानांचं बोलणं), ते परत टाइप करत बसत नाही. काल परत बॅटरी उतरली आणि आज सकाळी आईच्या सात दहाच्या बातम्या हुकल्या, म्हणून लिहायला बसलोय, सूर थोडा चिडका लागला तर चालवून घ्या.

आमचं गाव वेल्ह्याकडे, घराच्या मागेच डोंगर. पुण्याचं 101 एफएम तिथे नुसतं खरखरतं, कारण एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची आणि जवळपास सरळ रेषेत जाणारी, डोंगर आडवा आला की खेळ खलास. आकाशवाणी पुणे 792 किलोहर्ट्झ म्हणजे जवळजवळ 379 मीटरची लहर, ती जमीन धरून खोऱ्यात उतरते. मोबाइलला ओट्यावर उभं राहिलं तर एक दांडी. त्यामुळे मीडियम वेव्हसाठीच पैसे मोजले, बाकीचे बँड माझ्या दृष्टीने फुकट.

आणि नेमकं तिथेच! डिस्प्लेवर 780, 790, 800 असंच पुढे सरकतं, 792 येतच नाही. 790 वर बातम्या ऐकू येतात पण निवेदिका तोंडावर गोधडी घेऊन बोलतेय असं वाटतं. सर्व्हिस सेंटरला गेलो तर तिथल्या पोराने एफएम लावलं, "काका, सेट ओके आहे," आणि चेकिंगचे अडीचशे घेतले. म्हटलं 792 लावून दाखव, तर म्हणे एएम, म्हणजे हेच मीडियम वेव्ह, आता कोण ऐकतं. अरे बाबा, ऐकत नसतो तर आलो असतो का एवढ्या लांब!

शेवटी घरीच उलगडा झाला. अमेरिकेकडे मीडियम वेव्हची स्टेशनं 10-10 किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, युरोप, आफ्रिका, आशियात 9 च्या. आपल्याकडचं हे 1975 ला जिनिव्हाच्या परिषदेत ठरलं आणि 1978 च्या नोव्हेंबरपासून लागू झालं. मुंबईची अस्मिता 558, पुणे 792, दोन्हींना 9 ने पूर्ण भाग जातो. हा सेट फॅक्टरीतून 10 च्या स्टेपवर येतो, म्हणजे आकडा 10-10 नेच सरकतो. बंद असताना एक बटण दाबून धरलं की 9 वर जातो, आणि ही एवढी महत्त्वाची गोष्ट मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात. यातही कसा अन्याय आहे बघा, 90 च्या पटीतली स्टेशनं दोन्ही हिशोबात बसतात, म्हणून राजकोटचं 810 अगदी अचूक लागतं आणि शेजारचं पुणे लागत नाही.

9 वर टाकल्यावर मात्र मी याला दोन स्टारवरून चारवर नेलं होतं, खोटं कशाला बोलू. आवाज खणखणीत. दिवसा आकाशातला डी थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो, अंधार पडला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परत खाली येतात, मग राजकोटच्या 1071 वरचं उर्दू अंगणात बसून ऐकायचं. मीडियम वेव्हला वरची दांडी ओढायची गरज नाही, आत फेराइटचा रॉड असतो, तोच मीडियम वेव्हचा अँटेना. शेजारच्या एलईडी ट्यूबची घरघर येत असेल तर सेट जागच्या जागी हळूहळू फिरवा, एका कोनात घरघर जवळजवळ गायब होते. आईला हे माझ्याआधी जमलं.

मग पहिल्यांदा बॅटरी उतरली. चार्ज करून लावला तर साहेब परत 10 वर! जुन्या नोकियात असायची तीच बीएल-5सी बॅटरी आहे, स्वस्तात मिळते, म्हणून मी हुशारीने एक जास्तीची घेऊन ठेवली, पण बॅटरी बदलली तरी तेच. बरं, बॅटरी उतरूच द्यायची नाही म्हणून चार्जिंगला लावून ऐकावं तर चार्जरची अशी घरघर मीडियम वेव्हवर घुसते की बातम्या बाजूलाच. म्हणजे चार्जरवर ऐकू येत नाही, बॅटरीवर ठेवला तर कधी ना कधी विसरणारच. एवढासा आकडा लक्षात ठेवायला कंपनीला कितीचा खर्च आला असता हो? स्टेशनं मेमरीत राहतात, घड्याळ जातं, स्टेप जाते. आता आईचा फोन येतो तो असा, "अरे, तुझा रेडिओ परत अमेरिकेला गेला बघ." मग मी फोनवरून बटण कुठलं ते सांगायचं, तोवर सात वीस झालेले.

शॉर्टवेव्हबद्दल फार आशा ठेवू नका. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह 31 जानेवारी 2020 ला बंद झालं, रात्री ऐकू येतं ते बरंचसं चिनी. एअरबँड गावात मुका. एफएम पुण्यात झकास, पण त्यासाठी पाचशेचा सेटही पुरतो.

तीन स्टार. दुकानात घेणार असाल तर 9 ची स्टेप लावायला सांगा, बॅटरी काढून परत घालायला लावा आणि मग 792 दाखव म्हणा. दुकानदार कंटाळला तरी चालेल, बिल त्यानंतरच करा.