द एनआयडी टेप्स – गीताबेनसाठी तरी ऐकाच

विक्रम साराभाई म्हटलं की रॉकेट, इस्रो सगळं आपल्याला पाठ असतं, पण त्यांची बहीण गीता साराभाई अहमदाबादमध्ये मूग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या यंत्रावर, संगीत रचत होती हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. त्यांचं काम असलेला ‘द एनआयडी टेप्स’ हा अल्बम २०२३ मध्ये आला, मी उशिराच ऐकला, आणि आता महिनाभर तोच लावतेय.

१९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये (एनआयडी) मूग बसवून स्टुडिओ उभा केला, तिथं १९७२ पर्यंत जे प्रयोग झाले त्याच्या टेप्स संस्थेतच पडून होत्या, कुणाला पत्ता नाही. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या आणि त्यातून हा अल्बम केला.

यात गीताबेन सोडल्या तर बाकी सगळे पुरुष. गीताबेनबद्दल वाचायला गेलं की एकच गोष्ट सापडते, १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या, जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं, त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या आणि संगीताचा हेतू मन शांत करणं हा आहे हे आपल्या गुरूंचं म्हणणं त्याला सांगितलं. केज पुढे जन्मभर ते वाक्य सांगत राहिला. बरं, पण त्या स्वतः काय करत होत्या? बायका पखवाज वाजवत नसत त्या काळात त्या पखवाज शिकल्या, आणि वीस-पंचवीस वर्षांनी मूगसारखं नवं कोरं यंत्र समोर आलं तर त्यावरही बसल्या. मूग म्हणजे काय, तर वायरी या भोकातून त्या भोकात खोचायच्या, व्होल्टेज बदललं की आवाज बदलतो, तयार सूर कुठलाच मिळत नाही, सगळा कान लावूनच शोधायचा. तालाच्या शिस्तीत वाढलेली बाई तिथं बसलीय हे डोक्यात ठेवून त्यांचा ट्रॅक ऐकला ना, की अंगावर काटा येतो.

इंग्लंडमध्ये इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या डेलिया डर्बीशायरचंही तेच, काम तिचं आणि नाव मात्र मागे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेची १९६३ ची धून रॉन ग्रेनरने लिहिली, पण टेपचे तुकडे कापून जोडून ती आवाजात उभी केली डेलियाने, आणि पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ मध्ये. ती २००१ मध्येच गेली होती. गीताबेनही २०११ मध्ये गेल्या, हा अल्बम त्यांनी पाहिला नाही.

आता अल्बम म्हणून कसा आहे ते सांगते. हे पूर्ण बांधलेलं संगीत नाही, वहीत कच्चं काम करावं तसं आहे, काही ट्रॅक सुरू होतात आणि कुठंच न जाता थांबतात. मला ते आवडलं, पण गाणं हवं असेल त्याला कंटाळा येईल. टेप जुन्या आहेत हे ऐकू येतं. फोनच्या स्पीकरवर तर लावूच नका, खालचे आवाज गायब होतात, हेडफोनच हवा. जिनराज जोशीपुरा तेव्हा विद्यार्थी होते, त्यांचे ‘स्पेस लायनर २००१’ नावाचे ट्रॅक सगळ्यात सोपे, सुरुवात तिथून करा.

माझी तक्रार एकच, गीताबेनचं अजून हवं होतं. त्यांचं संपलं की मी परत मागे जाते.