व्ही-क्रॉसची फायबर कॅनोपी : वस्तू चांगली, बसवणी चुकीची

गाडी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप, २०२१ ची, डबल कॅब, म्हणजे दोन रांगा सीटांची. कॅनोपी, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यावर बसवायचं बंद छप्पर, फायबरची, पांढरी. दोन्ही बाजूंना सरकत्या काचा, मागे वर उघडणारा काचेचा दरवाजा. गेल्या एप्रिलमध्ये पुण्याच्या एका दुकानातून घेतली, बसवण्यासकट १ लाख १८ हजाराला. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तिच्यावरून गेला, म्हणून आता लिहितोय.

मी साताऱ्यात राहतो आणि जमीन मोजणीची खासगी कामं करतो. हौद्यात टोटल स्टेशन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र), दोन तिपाया, प्रिझमचे दांडे, बॅटऱ्या आणि चार्जर, नकाशांची नळी, चुन्याचं पोतं, खुंट्या. आमचा जिल्हा असा, की महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सोमवारी पाटणकडे चिखलात, तर गुरुवारी दहिवडीच्या पुढे फुफाट्यात. तीन वर्षं ताडपत्रीवर काढली. प्रत्येक शिवारात दोरी सोडा, दोरी बांधा, आणि वाऱ्याने एक कोपरा फडफडायला लागला की गाडी बाजूला घ्या. यंत्राची पेटी थोडंफार पाणी सोसते. चार्जर सोसत नाही, आणि शेतकऱ्याने विश्वासाने दिलेला जुना फाळणीचा, म्हणजे जमिनीच्या पोटहिश्श्यांचा, नकाशा तर मुळीच नाही. म्हणून हा खर्च केला.

मागवण्याआधी एक गोष्ट नीट बघा. थायलंडमध्ये २०१९ साली डी-मॅक्सची (व्ही-क्रॉस ही तिचीच आवृत्ती) नवी पिढी आली, पण माझी २०२१ ची व्ही-क्रॉस आधीच्याच पिढीच्या अंगाची आहे. नुसतं ‘डी-मॅक्सची कॅनोपी’ म्हणून बाहेरून मागवलीत तर ती हौद्यावर बसणार नाही. मी हौद्याची मापं स्वतः घेऊन दुकानात गेलो होतो, साचा बरोबर निघाला. कॅनोपी जाड आहे, आतून अस्तर लावलेलं आहे, काचा घट्ट सरकतात. वस्तूबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार बसवणीची आहे. दुकानातल्या दोन पोरांनी दीड तासात काम उरकलं. माझ्या हौद्यात प्लास्टिकचं लायनर, म्हणजे पत्र्यावरचं आतलं आवरण, आहे, त्याची दुमड हौद्याच्या काठावरून बाहेर येते. पोरांनी कॅनोपी त्या दुमडीवरच ठेवली आणि आतून सहा क्लॅम्प आवळले. मी विचारलं, हे प्लास्टिक मध्ये राहिलं तर चालेल का? उत्तर आलं, “सर, सगळ्यांच्या अशाच बसवतो.” मी तिथेच थांबवायला हवं होतं. रोज लोकांच्या हद्दी मिलिमीटरने बघणारा माणूस मी, आणि स्वतःच्या गाडीच्या वेळी गप्प बसलो, याचं वाईट वाटतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाटणच्या पुढे पाऊस लागला. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं खाली पडणारं दार, उघडला तर लायनरच्या खाचांमधून पाणी ओळीने उभं होतं आणि नकाशांच्या नळीचं झाकण भिजलेलं. दुकानात फोन केला. “सिलिकॉन मारून घ्या, सर, थांबेल.” एक अख्खी नळी बाहेरून फिरवली. पाणी आत यायचं थांबलं नाही, आलेलं पाणी बाहेर जायची फट मात्र मीच बुजवली होती. नंतर दोनदा फोन केले, माणूस पाठवतो म्हणाले, आला कोणी नाही. ऑक्टोबरमध्ये म्हसवडच्या कच्च्या रस्त्यावर दुसरं दुखणं कळलं. पेटीच्या कडीत पिठासारखी धूळ बसली होती. काचा बंद, दरवाजा बंद, तरी.

कोणीतरी कराडच्या एका फायबरच्या मिस्त्रींचं सांगितलं. बसचे बंपर, टपांचे तुकडे जोडणारा माणूस, साठीच्या पुढचा. त्यांनी आधी मला काही विचारलंच नाही. केबिन आणि कॅनोपीच्या मधल्या फटीत बोट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मी टेप लावला : डावीकडे १९ मिलिमीटर, उजवीकडे ३१. कॅनोपी तिरकी बसली होती, म्हणून मागचा दरवाजा फाळक्यावर एका कोपऱ्यात टेकायचा आणि दुसऱ्यात उघडा राहायचा. आतले क्लॅम्प बघितले तर सहापैकी दोन नुसत्या हाताने फिरले.

“प्लास्टिक दबतंय, साहेब,” मिस्त्री म्हणाले. “आज आवळा, उन्हात परत बसतंय. पान्याचा दोष न्हाई.”

मग त्यांनी केलं ते मला फार आवडलं. चौघांनी कॅनोपी उचलून जुन्या टायरांवर ठेवली. लायनरची काठावरची दुमड कटरने कापून काढली, खालचा पत्रा पुसला, कापल्या जागी पत्र्याला रंगाचा हात मारला. माझं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायलाच दोन तास गेले. रंग वाळल्यावर निळा खडू घेऊन त्यांनी हौद्याचा काठ तिन्ही बाजूंनी रंगवला. कॅनोपीच्या खालच्या कडेला डी आकाराचं पोकळ रबर नव्याने चिकटवलं, जोड मागच्या बाजूला ठेवून, कारण धावत्या गाडीत पाणी पुढून मारतं. कॅनोपी अलगद टेकवली, दोघांनी वरून दाबली आणि परत उचलली. रबरावर निळी रेघ उमटली होती. मागे सलग, उजवीकडे सलग, पण पुढच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर जागा काळीच्या काळी. म्हणजे तिथे रबर पत्र्याला टेकतच नव्हतं. जूनमधलं पाणी नेमकं तिथून येत होतं. त्या वीतभरात रबराखाली एक पातळ पट्टी दिली, पुन्हा खडू, पुन्हा टेकवणं. तिसऱ्या खेपेला रेघ कुठेही तुटली नाही.

आवळण्याचा क्रमही लिहून ठेवतो, कारण निम्मं काम इथे बिघडतं. आधी फाळका लावायचा, मागचा दरवाजा बंद करायचा, केबिनकडची फट दोन्ही बाजूंना सारखी आणायची. माझी २५ आली. मगच क्लॅम्प, आणि तेही चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे, थोडे थोडे. एक बाजू एकदम आवळली की अख्खी कॅनोपी तिकडे ओढली जाते. फार जोर लावला तर फायबरच्या कडेला तडा जातो. माझ्या एका क्लॅम्पपाशी केसासारखी चीर आधीच पडली होती, ती मिस्त्रींनी आतून फायबरचा थर देऊन धरली.

कॅनोपीवरच्या ब्रेक लाइटची वायर दुकानाने नुसती पीळ देऊन चिकटपट्टीने गुंडाळली होती. पत्र्याच्या भोकाला रबरी बूचही नव्हतं. कनेक्टर घालून आणि बूच बसवून ते पाऊण तासात झालं.

घरी आल्यावर रात्री अंगणात तपासलं. माझी मुलगी सातवीत आहे, ती आत पालथी पडली, मी दरवाजा लावून बाहेरून काठाच्या कडेकडेने बॅटरी फिरवली. पुढे आणि दोन्ही बाजूंना आत अंधार. मागे आलो तशी ती ओरडली, “बाबा, इथं दिसतंय!” फाळक्याच्या खाली, बिजागऱ्यांच्या रांगेत. म्हसवडची धूळ तिथूनच येत होती. गाडी पळते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, चाकांनी उडवलेली धूळ तिथे घुटमळते आणि सापडेल त्या फटीतून आत ओढली जाते. वरचा दरवाजा कितीही घट्ट असला तरी फाळक्याच्या तळाला रबर नसेल तर उपयोग नाही, आणि तिथलं रबर कॅनोपीबरोबर येत नाही, वेगळं लावावं लागतं. ते लावलं. दुसऱ्या दिवशी नळीने पाणी मारलं, आधी काठाला, मग काचांना, शेवटी टपावर. असं खालून वर गेलं की गळतं कुठे ते कळतं. आधीच टपावर ओतलं तर सगळीकडूनच ओघळ येतात. हौद्याच्या तळाची निचऱ्याची भोकं मात्र बुजवू नका. थोडी धूळ आली तरी ती उघडी हवीत.

मिस्त्रींचं बिल झालं ६,८००, रबर धरून, आणि गाडी दोन दिवस तिथे होती. दीड तासाच्या बसवणीसाठी दुकानाने माझ्याकडून ९,००० घेतले होते.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं. पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा, दुकानदाराच्या ‘काही होत नाही’वर जाऊ नका. मी ड्रिल नको, वेल्डिंग नको, उतरवता येईल अशीच हवी, असं सुरुवातीलाच सांगितलं होतं.

कॅनोपीला पाचपैकी चार तारे. एक कापला तो मागच्या दरवाज्याच्या गॅसच्या दांड्यांसाठी. थंडीत सकाळी दरवाजा वर टिकत नाही, हात द्यावा लागतो. दुकानाच्या बसवणीला एक तारा. कराडच्या कामाला पाच.

नंतर पाचशे किलोमीटरवर क्लॅम्प तपासले, अर्धा आटा फिरला. त्यानंतर हलले नाहीत. डाव्या बिजागरीपाशी धुळीची बोटभर रेघ अजून उमटते. मिस्त्री म्हणाले, गाडी आणा, तिथे रबराचा वेगळा तुकडा घडवून देतो. मेअखेर पाटणची कामं सुरू होतील, त्याआधी कराडला जाऊन येणार आहे.