कौन्सिलच्या घरासाठीचं ‘बिडिंग’: रांग चोख, निवड नावापुरती

इंग्लंडमधल्या बहुतेक कौन्सिल्स (स्थानिक स्वराज्य संस्था) आपली रिकामी घरं ‘चॉइस बेस्ड लेटिंग’ नावाच्या सेवेतून देतात. वेबसाइटवर घरांच्या जाहिराती लागतात, बहुधा आठवड्याला एक फेरी. अर्जदार हव्या त्या घरावर बिड टाकतो, मुदत संपली की यादी तयार होते आणि वरच्या नावांना फोन जातो. मूळ कल्पना नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहराची. इंग्लंडात ती २००० च्या सुमारास आली. त्याआधी हाउसिंग ऑफिसर घर ठरवायचा, अर्जदाराला पत्र यायचं, घ्या नाही तर सोडा. त्या मानाने हा कारभार पुष्कळच उघडा. पण नावातल्या ‘चॉइस’ला भुलू नका. रांग म्हणून ५ पैकी ४ गुण, निवड म्हणून जेमतेम दीड.

पहिली दिशाभूल ‘बिड’ या शब्दातच आहे. इथे पैशांची बोली लागत नाही, भाडं आधीच ठरलेलं असतं. बिड म्हणजे ‘या घरासाठी माझं नाव धरा’, एवढंच. जाहिरात लागताच पहाटे उठून टाकलं काय नि शेवटच्या दिवशी रात्री टाकलं काय, काडीचा फरक पडत नाही. मुदत संपल्यावर कॉम्प्युटर सगळ्यांना आधी बँडप्रमाणे (गरजेनुसार ठरलेली श्रेणी, ‘ए’ सगळ्यात वरची) लावतो आणि एकाच बँडमधल्यांना तारखेप्रमाणे. म्हाडाच्या सोडतीसारखा नशिबाचा भाग इथे नाही, नगरसेवकाच्या शिफारसपत्रानेही नंबर वर सरकत नाही. कौन्सिलला स्वतःच्या लेखी धोरणाबाहेर जाऊन घर देताच येत नाही, तसा कायदाच आहे. म्हणून बिडिंगचे डावपेच शिकवणारे व्हिडिओ बघण्यात वेळ घालवण्यापेक्षा आपला बँड आणि आपली तारीख बरोबर नोंदली आहे का, हे तपासणं शंभर पटीने मोलाचं.

त्याही आधी पात्रतेचं बघा. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत नाही) असा शेरा असेल, म्हणजे विद्यार्थी, स्किल्ड वर्कर आणि त्यांचे डिपेंडंट, तर अर्ज नामंजूरच होणार. ब्रिटिश नागरिक आणि इंडेफिनिट लीव्ह (कायम राहण्याची परवानगी) मिळालेले लोक पात्र असतात, पण इथे खरोखर स्थायिक असल्याचं दाखवावं लागतं. दोन खाचा आपल्या लोकांना हमखास नडतात. नवरा-बायकोंपैकी एक पात्र आणि दुसरा स्पाउस व्हिसावर असेल, तर अर्ज पात्र असलेल्याच्या एकट्याच्या नावावर करा; दोघांपैकी एक जण अपात्र असताना कौन्सिल संयुक्त भाडेकरार देऊ शकत नाही. आणि आईवडिलांना ‘यांचा खर्च मी करीन’ अशी लेखी हमी देऊन आणलं असेल, तर इंडेफिनिट लीव्ह असूनही पहिली ५ वर्षं त्यांना स्वतःच्या नावावर अर्ज करता येत नाही.

पात्रतेनंतर स्थानिक अटी येतात. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टने कौन्सिल्सना स्वतःच्या अटी घालायची मुभा दिली आणि २०१३ च्या सरकारी मार्गदर्शनात किमान २ वर्षांच्या स्थानिक वास्तव्याची अट सुचवली गेली. काहींनी ती बरीच ताणली. लंडनमधल्या हिलिंग्डन कौन्सिलने १० वर्षं ठेवली होती. २०१९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने ती काही गटांवर अन्याय करणारी ठरवली. उत्पन्न आणि शिल्लक रकमेच्या मर्यादा, थकलेलं भाडं, शेजाऱ्यांच्या तक्रारी हे सगळंही धोरणात लिहिलेलं असतं. धोरणाचा सारांश मागितल्यास कौन्सिलला फुकट द्यावा लागतो. मात्र सारांशावर थांबू नका, पूर्ण धोरणाची पीडीएफ उतरवून घ्या. पन्नास-साठ पानं असली तरी आपल्या कामाची चार-पाचच असतात.

आता प्राधान्य. १९९६ च्या हाउसिंग ॲक्टने पाच गटांना रास्त प्राधान्य द्यायला सांगितलं आहे: बेघर, ज्यांच्या बेघरपणाची जबाबदारी कौन्सिलवर आली आहे ते, दाटीवाटीच्या किंवा राहण्यास अयोग्य घरातले, आजार, अपंगत्व किंवा कल्याणाच्या कारणाने हलणं गरजेचं असलेले, आणि ठरावीक भागात गेलं नाही तर ज्यांचे हाल होतील असे. या पाच गटांना बँडमध्ये कसं बसवायचं, ते प्रत्येक कौन्सिल आपापलं ठरवते. म्हणून शेजारच्या बरोमधल्या (लंडनमधल्या दुसऱ्या कौन्सिलच्या भागातल्या) मित्राला ‘बी’ मिळाला, मग मलाही मिळेल, हा हिशेब चालत नाही. कॅमडेन आणि इस्लिंग्टनमध्ये तर बँडऐवजी पॉइंट्स आहेत.

बँड आणि पॉइंट्स यांतला फरक समजून घ्या. पॉइंट्समध्ये अडचणींची बेरीज होते. बँड ही टोपली आहे. दाटी आणि आजार अशा दोन अडचणी असलेलं कुटुंब आणि फक्त दाटी असलेलं कुटुंब पुष्कळ ठिकाणी एकाच टोपलीत पडतात आणि तिथून पुढे तारीख बोलते. हे अन्यायाचं वाटतं, पण २००९ मध्ये लंडनमधल्या न्यूहॅम कौन्सिलच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) अशा ढोबळ वर्गवारीला आणि प्रतीक्षाकाळाला महत्त्व द्यायला हरकत घेतली नाही. काही धोरणांत मात्र दोन गरजा एकत्र आल्या तर वरचा बँड देण्याची तरतूद असते. ती आपोआप लागू होईल, असं धरून बसू नका. धोरणातल्या कलमाचा नंबर घालून मागा.

दाटीचा हिशेब बहुतेक चुकतो तो मुलांच्या वयावरून. सर्रास वापरला जाणारा ‘बेडरूम स्टँडर्ड’ असा: जोडप्याला एक खोली, २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला एक, १० ते २० वयाच्या एकाच लिंगाच्या दोघांत एक, १० खालच्या दोन मुलांत एक, मग ती भाऊ-बहीण का असेनात. मुलगी ८ आणि मुलगा ६ असेल तर कुटुंबाची गरज दोन बेडरूमची. मुलगी १० ची झाली त्या दिवशी गरज तीनची होते. पण हा वाढदिवस कौन्सिलचा कॉम्प्युटर स्वतःहून साजरा करेलच असं नाही, त्यामुळे त्याच आठवड्यात बदलाचा फॉर्म भरा. कितीव्या वर्षी स्वतंत्र खोली धरायची (१६, १८ की २१) आणि बाळ पोटात असताना मोजायचं की जन्मल्यावर, हे धोरणागणिक बदलतं. १९८५ च्या कायद्यातली दाटीची व्याख्या वेगळी आणि फार कडक आहे. तिच्यात दिवाणखान्यालाही झोपायची खोली धरतात आणि वर्षाखालच्या बाळाला मोजतच नाहीत. ती लागू झाली तर प्राधान्य मोठं, पण फार थोडी घरं त्या मापात बसतात.

सगळ्यात जास्त अर्ज वाया जातात ते वैद्यकीय फॉर्मवर. ‘दमा आहे, घर बदलावं’ असं जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) दोन ओळींचं पत्र जोडलं की उत्तर येतं: वैद्यकीय प्राधान्य नाही. कारण बँड आजार किती गंभीर आहे यावर मिळत नाही. हे घर त्या आजाराला किती बिघडवतं आणि दुसरं घर त्यात काय सुधारणा करेल, यावर मिळतो. निर्णय बहुधा कागद वाचून होतो, घरी येऊन कोणी पाहत नाही. म्हणून कागदाने घर दाखवलं पाहिजे. रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या, मध्ये वळण आहे का, कठडा कोणत्या बाजूला, संडास कोणत्या मजल्यावर, रात्री किती वेळा उठावं लागतं, गेल्या वर्षात कितीदा पडणं झालं, अंघोळीला कोणाची मदत लागते. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (रोजच्या हालचाली आणि कामं जमतात का हे तपासणाऱ्याचा) अहवाल असेल तर तो जीपीच्या पत्रापेक्षा वजनदार, कारण त्यात हीच मापं असतात. ओल आणि बुरशीचे नुसते फोटो पुरत नाहीत. ‘घरमालकाने दुरुस्त करावं’ असं उत्तर येतं. दुरुस्तीची तक्रार कधी केली, मालकाने काय केलं, यांचे ईमेल सोबत हवेत.

तारखेचा घोळ त्याहून बारीक. अर्जाची तारीख वेगळी आणि बँडची तारीख वेगळी. वरच्या बँडमध्ये गेलात की बहुधा त्या बँडची तारीख नव्याने सुरू होते. खाली आलात तर जुनी धरतात. आता ही नवी तारीख तुम्ही कागद दिले त्या दिवसाची, की अधिकाऱ्याने फाइल उघडली त्या दिवसाची? फाइल चार महिने पडून राहिली तर चार महिन्यांत पुढे लागलेले सगळे तुमच्या वर जातात. धोरणात काय लिहिलंय ते वाचा आणि कागद अपलोड केल्याची पोच जपून ठेवा. पत्ता बदलला तर पुष्कळ ठिकाणी नव्याने मूल्यमापन होतं. वार्षिक नूतनीकरणाचा ईमेल स्पॅममध्ये गेला आणि नाव रजिस्टरमधून उडालं, हा तर नेहमीचा अपघात. तारीख गेली की मागच्या वर्षांची तपश्चर्याही गेली.

जाहिरात वाचणं ही वेगळीच कला आहे. एक नमुना घेऊ: ‘२ बेड, तिसरा मजला, लिफ्ट नाही, अफोर्डेबल रेंट, ट्रान्स्फर अर्जदारांना प्राधान्य.’ शेवटून वाचा. ट्रान्स्फर म्हणजे आधीच कौन्सिलचे भाडेकरू असलेले. नवा अर्जदार ‘ए’ बँडचा असला तरी यात मागे पडू शकतो. ‘अफोर्डेबल रेंट’ हे नाव गोड, पण हे भाडं बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं; ‘सोशल रेंट’ त्याहून बरंच कमी असतं. सर्व्हिस चार्ज वेगळा लिहिलेला असतो, तो मिळवून आकडा बघा. ‘शेल्टर्ड’ (वृद्धांसाठीचं घर), वयाची अट किंवा व्हीलचेअरची खूण असेल आणि आपण त्यात बसत नसू, तर बिड वाया. फेरीला दोन-तीनच बिड मिळतात, तेव्हा हे महाग पडतं.

बिड टाकल्यावर दिसणारा ‘तुमचा क्रमांक १४’ पाहून उड्या मारू नका आणि खचूही नका. तो त्या क्षणाचा आकडा. मुदत संपेपर्यंत वरच्या बँडची माणसं येत राहतात आणि तो ४० वर जातो. उलट, पुढच्या १३ जणांनी आणखी दोन घरांवर बिड टाकलेलं असतं; कोणी ते घेतं, कोणाचे कागद पुरे नसतात, कोणी घर पाहून नको म्हणतं. पाहायला एकदम चार-पाच जणांना बोलावतात ते याचसाठी. पाचवा आहे म्हणून न जाणाऱ्याचं घर सहाव्याला मिळाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

या सेवेतला खरा दागिना मुखपृष्ठावर नसतो. ‘निकाल’ नावाचं एक रुक्ष पान असतं: कोणतं घर, किती बिड आली, मिळालं त्याचा बँड कोणता, तारीख कोणती. आपल्या आकाराच्या घरांचे मागच्या सहा महिन्यांचे निकाल वहीत उतरवा. समजा तुमचा बँड ‘बी’, तारीख ऑगस्ट २०२२ आणि बाग असलेली दोन बेडरूमची घरं २०१८ च्या तारखांना जात आहेत. पण लिफ्ट नसलेले वरचे फ्लॅट २०२१ च्या तारखांना सुटले आहेत. मग बिड कुठे टाकायचं हे उघड आहे. मात्र नुसती वजाबाकी करून ‘आणखी चार वर्षं’ असा निष्कर्ष काढू नका, कारण ‘ए’ मध्ये नवे लोक रोज भरती होतात. इंग्लंडभर रजिस्टरवर १३ लाखांहून जास्त कुटुंबं आहेत. हे पान सोयीने लपवणाऱ्या किंवा न ठेवणाऱ्या वेबसाइटचा एक गुण बिनदिक्कत कापावा.

घर नाकारण्याचे नियम कडक होत चालले आहेत. एक-दोन रास्त घरं नाकारली की काही काळ बिडिंग बंद किंवा खालचा बँड. बेघर म्हणून आलेल्यांना तर एकच शेवटचा प्रस्ताव मिळतो आणि तो खासगी घरमालकाकडच्या घराचाही असू शकतो. कौन्सिलचंच घर मिळेल, असं कायदा म्हणत नाही. घर अयोग्य वाटलं तरी अशा वेळी आधी होकार द्या, मग २१ दिवसांत लेखी फेरतपासणी मागा. दोन्ही एकाच वेळी करता येतं. नकार देऊन मग भांडणाऱ्याचं छप्पर तेवढ्यात जातं.

बँड किंवा नोंदलेली माहिती चुकीची वाटली तरी फेरतपासणीचा हक्क आहेच, मुदत साधारण तेवढीच. ‘अन्याय झाला’ असं लिहिण्यापेक्षा धोरणाचं कलम, आपला पुरावा आणि मागणी अशा तीन गोष्टी लिहा. विलंब किंवा तारखेची चूक असेल, तर कौन्सिलची तक्रार प्रक्रिया पूर्ण करून लोकल गव्हर्नमेंट ओम्बड्समनकडे (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी), चूक कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत, जाता येतं. माहिती खोटी देऊ नका, हे सांगायला नको. तो गुन्हा आहे आणि मिळालेलं घरही जातं.

जे आधीच कौन्सिलचे भाडेकरू आहेत आणि खालच्या बँडमध्ये अडकले आहेत, त्यांनी बिडिंगपेक्षा घरांच्या अदलाबदलीकडे जास्त लक्ष द्यावं. तिथे बँड नाही, तारीख नाही. समोरचा भाडेकरू तयार हवा. सिक्युअर (कायद्याने पक्का हक्क असलेल्या) भाडेकरूच्या अर्जावर कौन्सिलला ४२ दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि नकाराची कारणं कायद्यात मोजून दिलेली आहेत. फक्त लेखी परवानगी हातात पडण्याआधी सामान हलवू नका, आणि समोरच्याचं घर ओलसर आहे का ते कपाटं सरकवून बघा, कारण त्या घराची जी अवस्था असेल ती तशीच स्वीकारावी लागते.