सौर पंप घ्यावा की लाइटची मोटारच बरी?

विहिरीला पाणी लागलंय, पाइपलाइन टाकून झाली, आता मोटार कशावर चालवायची हे ठरवायचंय. अशा शेतकऱ्यासाठी हे लिहितोय. गावात दोन्ही बाजूंनी ठाम बोलणारे भेटतात. एक म्हणतो, सौर घे, दिवसा पाणी दे, रात्री निवांत झोप. दुसरा म्हणतो, ढग आले की बंद पडणारी मोटार काय कामाची? दोघांचंही त्यांच्या त्यांच्या रानात खरं आहे. माझ्या मते पाणी किती खोल आहे आणि पीक कोणतं आहे, या दोन गोष्टींवर निम्म्याहून जास्त निर्णय ठरतो. अनुदान, कंपनी, वॉरंटी हे सगळं त्यानंतर.

आधी एक गाळणी लावू. ज्याच्याकडे चालू वीज जोडणी आहे त्याच्यापुढे हा प्रश्न फारसा उरतच नाही. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना ज्यांच्याकडे पाण्याची खात्रीची सोय आहे पण विजेची जोडणी नाही, अशांसाठी आहे. आणि साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारींना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत बिल माफ आहे. जोडणी चालू असेल तर ती जपा. रात्रीच्या पाळीचा त्रास असेल तर त्यावर वेगळा उपाय येतोय, तो पुढे सांगतो. खरा पेच आहे तो नवीन विहीरवाल्यापुढे, आणि वीज जोडणीचं कोटेशन भरून वर्षानुवर्षं खांबाची वाट पाहणाऱ्यापुढे.

खर्चाची बाजू

सौर पंपात खुल्या गटातल्या शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात, बाकीचं केंद्र आणि राज्य मिळून देतं. खुल्या गटाचा पाच एचपीचा हिस्सा साधारण तीस हजारांच्या घरात जातो. कंपनीच्या किमती आणि जीएसटी बदलला की आकडा बदलतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या पावत्या पाहून हिशेब करू नका, योजनेच्या पोर्टलवर आज जी रक्कम दिसेल ती धरा. या पैशात पॅनल, सांगाडा, कंट्रोलर, मोटार, केबल असं सगळं येतं, शिवाय पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा.

वीज जोडणीचं कोटेशन कागदावर स्वस्त दिसतं. पण डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) विहीर लांब असेल तर केबल आपली, स्टार्टर आपला, मोटार आपली. सबमर्सिबल मोटार, पाइप आणि केबल मिळून खर्च सौरच्या हिश्शापुढे सहज निघून जातो. एकदा जोडणी मिळाली की सध्या बिल शून्य. पण ही सवलत सरकारी निर्णयावर आहे आणि तिला मुदत आहे. सौर पंपाला बिलच नाही, त्यामुळे उद्या कुठलंही सरकार आलं तरी उपसा फुकटच राहील. मला हा फरक मोठा वाटतो.

डिझेल इंजिनाचं एका वाक्यात सांगायचं तर पाच एचपीचं इंजिन तासाला लिटरभर डिझेल पितं, म्हणजे आठ तासांना सातशे रुपयांच्या पुढे. अडीनडीला ते ठेवावं, त्यावर शेती करू नये.

पाण्याचा हिशेब, जो कुणी करत नाही

पाच एचपीच्या सौर पंपाला ४,८०० वॉटचे पॅनल लागतात. केंद्राच्या मानकांप्रमाणे असा सबमर्सिबल पंप ५० मीटर उचलीला, म्हणजे पाणी तेवढं वर उचलताना, दिवसाला नव्वद हजार लिटरच्या आसपास पाणी देतो. ही मोजणी कडक उन्हाच्या दिवसाची असते. प्रत्यक्षात डिसेंबरातल्या छोट्या दिवसाला साठ-सत्तर हजार मिळाले तरी चांगलं म्हणायचं. तेवढ्याच उचलीला विजेवरची पाच एचपीची मोटार आठ तास पूर्ण दाबानं चालली तर सव्वा लाख लिटरच्या आसपास देते. ‘पूर्ण दाबानं’ हे दोन शब्द मात्र विसरायचे नाहीत. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज इतकं पडतं की पाणी निम्म्यावर येतं, आणि मोटार तापते ती वेगळीच.

आता पिकाकडून पाहा. एका एकरावर ५ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे वीस हजार लिटर. ठिबकवर डाळिंब, मिरची, टोमॅटो असेल तर उन्हाळा सोडून रोजची गरज साधारण एवढीच किंवा कमी. म्हणजे पाच एचपीच्या सौर पंपावर तीन-चार एकर ठिबक आरामात भागतं. पण तेच पाणी सरीत सोडून भिजवायचं असेल तर एका पाळीला ६० मिलिमीटर तरी लागतं, म्हणजे एकराला जवळपास अडीच लाख लिटर. सौर पंपाला एक एकर भिजवायला तीन दिवस लागतील. चार एकर उसाची पाळी संपायला बारा दिवस, तोपर्यंत पहिला एकर पुन्हा पाण्याला आलेला. त्यात मध्ये दोन दिवस ढग आले की सगळं गणित कोलमडलं. म्हणून मी स्पष्ट सांगतो: पाटपाण्यावर ऊस, केळी असेल आणि ठिबक करायची तयारी नसेल तर सौरच्या भरवशावर राहू नका.

उचल म्हणजे विहिरीची खोली नव्हे, हेही ध्यानात घ्या. मे महिन्यात पाणी ज्या पातळीला जातं तिथपासून पाणी जिथे सोडायचंय त्या उंच कोपऱ्यापर्यंतचं अंतर, त्यात पाइपातलं घर्षण, अशी ही बेरीज आहे. पाणी ६० फुटांवर असलेली विहीर आणि २५० फुटांवर पाणी असलेलं बोअर यांना एकच पंप चालत नाही.

आणि इथेच योजनेतली सर्वांत मोठी अडचण आहे. पंपाची ताकद जमिनीच्या एकरावर ठरते. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, अडीच ते पाच एकर ५ एचपी, पाच एकरांच्या वर साडेसात एचपी. पात्रतेपेक्षा लहान पंप मागता येतो, मोठा मिळत नाही. ज्याच्याकडे दोन एकर रान आणि तीनशे फूट बोअर आहे त्याला ३ एचपी मिळणार, आणि तो ३ एचपी तीनशे फुटांवरून करंगळीएवढी धार काढणार. पाणी किती वर उचलायचं हे जमिनीच्या क्षेत्रावर अवलंबून नसतं. खोल पाणी हे बहुतेकदा कोरडवाहू पट्ट्यातल्या छोट्या शेतकऱ्याचंच दुखणं असतं. नियम करताना त्याचा विचार व्हायला हवा होता. अजूनही पाणीपातळी मोजून एचपी ठरवण्याची तरतूद केली तर हजारो लोकांचं भलं होईल. तोवर खोल बोअर आणि थोडं रान असणाऱ्यानं थोडं थांबून विचार करावा, वीज जोडणीचा पाठपुरावा सोडू नये.

रात्रीचं पाणी

विजेच्या बाजूनं कितीही बोललं तरी रात्रीच्या पाळीला सध्या तरी उत्तर नाही. आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री असा थ्री फेजचा क्रम. रात्री दहाला लाइट येणार म्हणून माणूस बॅटरी घेऊन बांधावर बसतो, दारं धरतो, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या पट्ट्यात उसात बिबट्या असतो हे सगळ्यांना माहीत आहे. थंडीत कांद्याला पाणी देणाऱ्या बाईमाणसाचे हाल पाहिलेला माणूस सौरच्या गैरसोयी फार मोठ्या करून सांगणार नाही. घरात रात्री रानात जाणारं तरुण कुणी नसेल, म्हातारी माणसंच शेती पाहत असतील, तर पाण्याच्या हिशेबात थोडं कमी पडलं तरी मी सौरच घ्या म्हणेन.

ज्यांची जोडणी आहे त्यांच्यासाठी मघाशी म्हटलेला उपाय तो हा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ पासून चालू आहे. यात उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून गावाचा शेतीचा फीडरच, म्हणजे शेतीला वीज नेणारी वाहिनीच, दिवसा चालवायची, अशी कल्पना आहे. त्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, ३ मेगावॉटचा. प्रकल्पाला जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ. आपल्या फीडरचा नंबर कधी आहे हे उपकेंद्रात जाऊन विचारा. वर्षभरात येणार असेल तर तारेवरच्या मोटारीला दिवसा, पूर्ण दाबाची वीज मिळेल. त्याइतकी चांगली सोय दुसरी नाही. माझ्या मते सरकारनं सगळा जोर याच कामावर लावावा. एकट्या फुकट विजेसाठी वर्षाला १४,७६० कोटी रुपये द्यावे लागतात, आणि ते दरवर्षी द्यावे लागतात. सौरवरचा खर्च एकदाच होतो. सरकारला सौर का हवंय ते यावरून कळतं, आणि ते चूकही नाही. पण कोटेशनचे पैसे भरून बसलेल्याला त्याच्या मर्जीविरुद्ध पॅनलकडे ढकलणं योग्य नाही. त्याला दोन्ही वाटा खुल्या हव्यात.

बिघडलं तर कोण येणार

विजेची मोटार जळाली तर तालुक्याला वायंडिंगवाला आहे. सकाळी काढली, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी बसवली. डीपी जळाली की मात्र अख्खं शिवार अडकतं. वर्गणी काढा, ट्रॅक्टर द्या, चकरा मारा, आणि ऐन गव्हाच्या पाळीत आठवडा जातो. यातलं निम्मं आपल्या हातात आहे. प्रत्येकानं ऑटो स्विच काढून मोटारीला कॅपॅसिटर लावला तर लाइट आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम उठत नाहीत आणि डीपी टिकते. महावितरण हे वर्षानुवर्षं सांगतंय, ऐकायला हवं.

सौरमध्ये डीपी नाही, शेजाऱ्याच्या मोटारीशी संबंध नाही. पण कंट्रोलर बिघडला तर गावातल्या कुणालाही तो उघडता येत नाही, कंपनीचाच माणूस लागतो. आमच्या ओळखीत एका पुरवठादाराचा फोन लागायचा, तक्रार घेतली जायची, माणूस मात्र येत नव्हता, आणि तोवर मिरचीचा बहर गेला. त्यामुळे पोर्टलवर कंपनी निवडताना ज्या कंपनीचा सर्व्हिसचा माणूस तालुक्यात राहतो तीच निवडा. शेजारच्या गावात ज्यांनी दोन वर्षांपूर्वी पंप बसवला त्यांच्याकडे जाऊन कंट्रोलरच्या पेटीवरचा नंबर घ्या आणि फोन लावून पाहा.

पॅनलला जागा फार लागत नाही. पाच एचपीला अर्ध्या ते पाऊण गुंठ्यात काम होतं. पण सावली बिलकूल चालत नाही. बांधावरच्या बाभळीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या अख्ख्या ओळीची वीज घटते, कारण पॅनल एकामागे एक जोडलेले असतात. ऊस दहा-बारा फूट वाढतो, म्हणून पॅनल उसाच्या उत्तरेला, अगदी चिकटून कधीही उभे करू नका. आठवड्याला सकाळी, काच गार असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं धूळ आणि पक्ष्यांची घाण काढा. भर दुपारी तापलेल्या काचेवर पाणी ओतू नका. वळवाच्या वाऱ्यात पाया कच्चा असला तर सांगाडा उपटून पडतो, म्हणून काँक्रीट ओतताना स्वतः हजर राहा. केबल चोरी झाली तर लगेच पोलिसांत तक्रार नोंदवा, विम्याला तो कागद लागतोच.

ढगांची भीती थोडी जास्तच सांगितली जाते. पावसाळ्यात पिकाला पाणी कमीच लागतं. खरी अडचण ठिबकच्या दाबाची आहे. ऊन कमी-जास्त झालं की दाब हलतो आणि शेवटच्या झाडाला कमी पाणी जातं. उंच कोपऱ्यात टाकी किंवा छोटं शेततळं असलं तर दिवसभर त्यात पाणी भरून हवं तेव्हा देता येतं. सौर घेणाऱ्यानं पुढची पहिली गुंतवणूक यात करावी.

फुकट वीज असो की फुकट ऊन, उपशाला मीटर नाही. खाली पाणी कमी होतंय हे दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

सौर ठरलं तर सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद आहे ना ते पाहा, सामाईक असेल तर बाकीच्यांचं संमतिपत्र करून ठेवा. जागेची पाहणी करायला माणसं येतील तेव्हा घरचं जाणतं माणूस तिथे असू द्या. पाणीपातळी त्यांनी ऑक्टोबरात मोजली तर विहीर तेव्हा भरलेली असेल. मे महिन्यात पाणी कुठे जातं ते तुम्ही सांगा, आणि सही करण्याआधी तो आकडा कागदावर लिहिलाय ना हे डोळ्यांनी पाहून घ्या.