ठाण्यातले मत: विचारावर की प्रचारावर?
१९६७ साली ठाणे नगरपालिका शिवसेनेकडे आली आणि पुढे येथील अनेक घरांत मत हा निष्ठेचाच भाग झाला. अशा मतदाराला प्रचार बदलत नाही, फार तर मतदान केंद्रापर्यंत नेतो. शिवसेना फुटल्यानंतर झालेल्या २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र धनुष्यबाणाचे (शिंदे गट) नरेश म्हस्के आणि मशालीचे (ठाकरे गट) राजन विचारे हे दोघेही ठाण्यातले शिवसेनेचे दिवंगत नेते आनंद दिघे यांचाच वारसा सांगत होते. विचार एकाच मुशीतला असल्यामुळे भर संदेशावर आला: एका बाजूला फुटून गेलेल्यांसाठी ‘गद्दार’ हा शब्द, दुसऱ्या बाजूला सत्तेतून होणारी कामे. म्हस्के जिंकले. तरीही सारे श्रेय प्रचाराला देणे मला पटत नाही, कारण नौपाड्यातल्या एखाद्या पंच्याहत्तरीच्या आजोबांचे बोट मतदान यंत्रावर नावाआधी चिन्ह शोधते, आणि जुने चिन्ह म्हस्के यांच्याकडे होते.